मागीलदारचा नाताळ

"आत्या, आपल्या कोंबड्यांचं घर इतकं बोअर का आहे?"

दादरहून रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने निघून, सावंतवाडी ते शिरोडं रिक्षात पेंगत आलेली माझी नऊ वर्षांची भाची मागीलदारी उभी राहून विचारत होती. अजून पायावर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. हातात तिच्या आईचा मोबाईल आणि मोबाईलमध्ये अमेरिकेतलं कुणाचंसं खुराडं. खुराडं कसलं, बंगलाच तो. उतरत्या छपरावर बर्फ, दारावर हिरव्या फांद्यांचं कडं, कड्याला लाल फीत, खिडकीत दिवे, भिंतीवर ओळीने टांगलेले लोकरीचे मोजे आणि एकेका मोजावर एकेका कोंबडीचं नाव. एकीच्या अंगात तर चक्क स्वेटर. पिसांच्या जनावराला स्वेटर!

मी हसले खरी, पण पोरीचं काही चुकलं नव्हतं. आमचं खुराडं बाबांनी पडवी बांधून उरलेल्या चिऱ्यांचं केलेलं. कमरेइतकं उंच, वर मंगलोरी कौलं, आत बांबूच्या दोन आडव्या दांड्या आणि दाराला फणसाची सरकती फळी. तिन्हीसांजेला कोंबड्या आपणहून आत जातात, आपण मोजायच्या, फळी सरकवायची आणि बाहेरून धोंडा टेकवायचा. पंचवीस वर्षं तोच धोंडा आहे. याला सजवायचं कशाला, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. आमच्याकडे सजतं ते पुढीलदार. पाऊस गेला की खळं घालायचं, शेणाने सारवायचं, तुळशीपुढे रांगोळी, माटव, तुळशीच्या लग्नाला ऊस. मागीलदार म्हणजे भांडी, राख, नारळाची सोडणं, न्हाणीचं पाणी आणि कोंबड्या. दिवाळीत तेवढी एक पणती विहिरीवर, एक गोठ्याशी आणि एक खुराड्याच्या फळीजवळ ठेवायची रीत. तीही तेल संपेपर्यंत.

"सजवूया ना मग," मी म्हटलं. मुंबई सोडून गावाला आल्याला मला सहा वर्षं झाली, नाताळच्या सुट्टीत भावाची दोन्ही पोरं येतात तेवढाच घराला आवाज. नाही म्हणायला जीभ उचलत नाही.

पहिली गरज बर्फाची. मागच्या वर्षी घेतलेल्या फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल माळ्यावर पडून होतं. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या मखरांवरही बंदी आली, पण फ्रिजबरोबर जे घरात येतं त्याचं करायचं काय, हे कुणी सांगत नाही. ते असं माळ्यावर जातं. भाच्याने ते खाली काढलं आणि नारळाच्या किसणीवर किसलं. वहिनीने ती किसणी नंतर तीन वेळा घासली, तरी दुसऱ्या दिवशीच्या गाजराच्या कोशिंबिरीत एक पांढरा दाणा मला दिसलाच, मी तो गुपचूप ताटाच्या कडेला सारला. मैद्याची खळ शिजवून कौलांवर फासली आणि तिच्यावर हा किसलेला बर्फ भुरभुरला. शिरोड्यात, डिसेंबरच्या उन्हात, बत्तीस डिग्रीत. मग दिवाळीची एलईडीची माळ दाराभोवती, पडवीतून ओढलेली वायर, आणि मधोमध शेजारच्या मावशींनी दिलेली चांदणी.

मावशींचं घर आमच्या गडग्याला लागून. त्यांच्या पुढीलदारी नाताळच्या आधी बांबूच्या काड्यांची आणि पतंगी कागदाची नवी चांदणी चढते. जुनीचा एक कोन फाटलेला होता, ती त्यांनी पोरांना देऊन टाकली. वर गडग्यावरून मान काढून सगळा थाट बघितला आणि म्हणाल्या, "ह्या काय मांडलास गो? रातभर लायट पेटवन तुका झोप येतली?"

मला वाटलं गंमत करतायत. शिवाय माझ्या मनात एक चोर होता. डिसेंबरात आमच्या कोंबड्या अंडी जवळजवळ बंद करतात. नेमके हेच दिवस पर्यटकांचे, आणि आमच्या वेळागरच्या किनाऱ्याकडचे घरगुती मुक्कामवाले गावठी अंड्याला पंधरा रुपये द्यायला तयार. कोंबडीच्या अंड्याचा उजेडाशी संबंध असतो हे मी वाचलेलं होतं. म्हटलं, पोरांची हौस होईल आणि जमलं तर चार अंडीही पडतील.

पहाटे नव्हे, मध्यरात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कोंबडा आरवला.

नुसता आरवला नाही. थांबून थांबून, गाणं बसवणाऱ्या माणसासारखा अर्धा तास आरवत राहिला. वाडीतल्या इतर कोंबड्यांनी आधी दुर्लक्ष केलं, मग एकेकाने उत्तर दिलं, मग कुत्रे सुरू झाले. जत्रांचे दिवस, कुठल्याशा गावचा दशावतार अर्ध्यात सोडून मोटरसायकलवरून परत येणारा आमचा एक वाडीकर थांबून रस्त्यावरून ओरडला, "उजाडला काय रे?" आई अंथरुणात उठून बसली. अवेळी कोंबडा आरवणं तिच्या हिशेबात चांगलं नाही. ती काही बोलली नाही, देवाच्या दिशेने हात तेवढे जोडले.

कोंबडा उजेडामुळे आरवतो हे तसं अर्धंच खरं. २०१३ साली जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबड्यांना अष्टौप्रहर मंद उजेडात ठेवून पाहिलं, तरी ते रोजच्या पहाटेलाच आरवत राहिले. म्हणजे बांग असते अंगातल्या घड्याळावर. बाहेरचा उजेड किंवा दुसऱ्याची बांग ऐकूनही ते आरवतात, पण त्याचा जोर पहाटेच्या सुमाराला जास्त. दोन वाजता आरवू नये, असं एकूण त्या अभ्यासाचं म्हणणं. आमच्या कोंबड्यापर्यंत ते पोचलेलं नसावं. त्याच मंडळींनी पुढे दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मात्र आमच्याकडे तंतोतंत लागू पडते. एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहिली बांग मानाने मोठ्याची. मग मानाप्रमाणे दुसरा, मग तिसरा. आमच्याकडे एक म्हातारा आणि यंदाचे दोन जवान असे तीन नर होते. रोज पहाटे म्हातारा, मग काळ्या शेपटीचा, मग सगळ्यात शेवटी तो तिसरा, अजून आवाज न फुटलेला, घशात सुपारी अडकल्यासारखा. हा क्रम मी सहा महिने अंथरुणात पडून ऐकत होते, फक्त त्याला नियम असतो हे ठाऊक नव्हतं.

टॉर्च घेऊन मी मागे गेले. फळी जरा सरकवली. एरवी या वेळी दांडीवर एकमेकींना चिकटून, छाती टेकून, पाय पोटाखाली घेऊन बसलेल्या असतात. त्या रात्री दांडी रिकामी. सगळ्या जमिनीवर, फळीपासून लांबच्या कोपऱ्यात उभ्या. फळीच्या फटीतून निळा, हिरवा, लाल असा लुकलुकणारा पट्टा आत येत होता आणि काबरीच्या तोंडावरून जात होता. तिचा डोळा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितला. आपली पापणी वरून खाली येते, तिची खालून वर चढते. अर्ध्यावर चढायची, लाल पट्टा आला की पुन्हा उतरायची. किती तास तिचं असं चाललं होतं कोण जाणे. मी प्लग काढला. अंधार झाला आणि आतून एक बारीक, गुळगुळीत आवाज आला, पिल्लांना पंखाखाली घेताना काढतात तसला.

मावशींनी विचारलं होतं ते गमतीत नव्हतं, हे तेव्हा कळलं.

सकाळी दुसरी वरात. कौलांवरचा बर्फ नाहीसा. वाऱ्याने गेला म्हणावं तर अंगणात एक दाणा नाही. गेला होता तो कोंबड्यांच्या पोटात. खळीसकट. कोंबडीला थर्माकोल इतकं का आवडतं ते तिचं तिलाच माहीत, पण एकदा चटक लागली की ती भात सोडून ते टिपते. बाकीच्या ठीक होत्या. तांबडी मात्र मान आखडून बसलेली, गळ्याखालची धान्याची पिशवी लिंबाएवढी फुगलेली आणि हाताला घट्ट. आईने तिला मांडीवर घेतली, चोच उघडून चमचाभर खोबरेल पाजलं आणि ती पिशवी बोटांनी हळूहळू चोळत बसली, पोळ्यांची कणीक तिंबावी तशी. पाऊण तास. भाची समोर उकिडवी. एकदाही मोबाईल हातात घेतला नाही. दोन दिवस तांबडीच्या शिटेत पांढरे दाणे पडत होते आणि पोरं काडीने उकरून ते मोजत होती. सत्तेचाळीस. ती वाचली, पण वाचली हे तिचं नशीब. सगळ्या कोंबड्या थर्माकोल पचवतात असं कुणी यावरून समजू नये, आणि चमकी, स्टेपलरच्या पिना, जरीच्या दोऱ्या यांच्या वाटेलाही जाऊ नये. चमकणारी वस्तू दिसली की कोंबडी आधी गिळते.

वायर मी त्याच दिवशी गुंडाळली. पेंढा, उंदीर आणि उघडी वायर ही तीन एकत्र आली की पुढचं सांगायला नको.

आता अंड्यांचं. माझ्या मनातला चोर अजून गेला नव्हता. रात्रभर लुकलुकणारी माळ नको हे पटलं, पण पहाटे दोन तास एक साधा पिवळा बल्ब? पोल्ट्रीवाले करतातच. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो म्हणून शेडमध्ये टायमर लावलेले असतात. गंमत अशी की कोंबडीला उजेड नुसता डोळ्यांनी कळत नाही. तो तिच्या कवटीतून आरपार मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथे हिशेब होतो, दिवस लांबतोय की आखडतोय. म्हणून तो अमेरिकेतला दिव्यांचा बंगला निदान समजण्यासारखा. न्यूयॉर्कला डिसेंबरात दिवस सव्वानऊ तासांचा असतो. आमच्या शिरोड्याला सर्वात छोटा दिवससुद्धा अकरा तासांच्या वर, आणि जूनच्या मोठ्या दिवसाशी फरक जेमतेम दोन तासांचा. थंडीचं म्हणाल तर पहाटे अठरा-एकोणीस अंश झाले की आम्ही कानटोपी घालतो. कोंबडीचं अंग एकेचाळीस अंशांचं असतं, वर पिसांची गोधडी. तिला ही थंडी म्हणजे पंख्याखालची झुळूक. आमच्याकडे तिला त्रास होतो तो दंवाचा आणि ओलाव्याचा. खालचा पेंढा ओला राहिला की वास येतो, डोळे चुरचुरतात. त्यावर उपाय दिव्याचा नाही, कोरड्या राखेचा आहे आणि वरची फट उघडी ठेवण्याचा.

मग अंडी का थांबतात? दिवस आखडल्याचा थोडा भाग असेल. पण पाऊस सरला की आमच्या कोंबड्या पिसं टाकायला लागतात. मागीलदारी कुणी उशी फोडल्यासारखी पिसं उडत असतात. उघड्या मानेच्या जातीची एक आहे, ती तर आधीच उघडी, त्यात शेपूट गेल्यावर ती अशी काही दिसते की पोरांनी तिचा फोटो काढू नये म्हणून मला मध्ये पडावं लागलं. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि अंड्यालाही तेच लागतं. दोन्ही एका वेळी परवडत नाही, म्हणून आधी पिसं. नवी आली की मग अंडी.

मी हे सगळं आईला समजावून सांगितलं, बल्बच्या विषयाला हात घालायचा म्हणून. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही, मानही वर केली नाही.

"सुट्टी काय पोरांकच? तेंका नको?"

बल्ब राहिला तो राहिलाच. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या वर. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत काय काय असतं याचा मी त्या सुपाकडे बघत बराच वेळ विचार करत होते. त्यात एक ही सुट्टीही असणार.

पण सजावट राहिली नाही. भाचीने एक नवाच मुद्दा काढला. "आपण आपल्याला आवडतं ते लावलं. त्यांना काय आवडतं?" नऊ वर्षांच्या मुलीला हे सुचावं आणि मला सुचू नये याचं मी वाईट वाटून घेतलं, थोडा वेळ.

त्यात एक अडचणही होती. डिसेंबरात आंब्याला मोहोर येतो आणि तुडतुड्यांसाठी बागांत फवारण्या सुरू होतात. शेजारच्या बागेत औषध मारलं की दोन-तीन दिवस मी कोंबड्या बाहेर सोडत नाही. मग दिवसभर त्या खुराड्याच्या पुढच्या जाळीत कोंडून राहतात. कोंडलेली कोंबडी रिकामी बसत नाही, दुसरीची पिसं उपटते. पिसं टाकायच्या दिवसांत तर हे फारच वाईट. रक्त दिसलं की सगळ्या तुटून पडतात. म्हणजे त्यांना डोळ्यांचं काही नको होतं. चोचीला काम हवं होतं.

मग पोरांनी दोन दिवस नुसता धुमाकूळ घातला. वेळागरच्या सुरूच्या बनात वाऱ्याने पडलेल्या फांद्या गोळा केल्या. आमच्या किनाऱ्यावर नाताळचं झाड म्हणजे सुरूच, मावशींच्या घरातही बादलीत वाळू भरून तोच उभा असतो. त्याच्या त्या लांब हिरव्या सुयांसारख्या काड्या आणि बोराएवढी लाकडी फळं बघून ती थंड देशातली झाडं आठवतात, पण वास समुद्राचा. त्याचं कडं केलं, काथ्याने बांधलं. वर गोंड्याच्या फुलांची तोरणं. तुम्ही झेंडू म्हणाल. ही तोरणं आम्ही मुद्दाम कोंबडीच्या मानेच्या उंचीवर लावली आणि संध्याकाळपर्यंत त्यातली निम्मी फुलं गेली होती. जाऊ देत. झेंडूतल्याच पिवळ्या रंगाचा अर्क पोल्ट्रीच्या खाद्यात घालतात, बलक केशरी व्हावा म्हणून. आमच्या कोंबड्यांनी मधला दलाल गाळला एवढंच. काथ्याला एक कोबीचा गड्डा टांगला, जमिनीपासून दीड वितीवर. त्याला चोच मारली की तो झोके घेतो, म्हणून पुन्हा चोच मारायची. सबंध दुपार हा खेळ. आईने माडाचं चुडत चिरून एक झाप विणली, वाऱ्याच्या बाजूला बांधायला, आणि उरलेल्या पात्यांचे पोरांना पोपट करून दिले. तिची बोटं आता वाकतात तेव्हा दुखतात. पोपट आठ झाले, नववा अर्धा राहिला, तोही टांगला.

चांदणी राहिली, दिव्याविना. ती सहा जानेवारीपर्यंत काढायची नाही अशी मावशींची ताकीद, तीन राजांचा दिवस होईपर्यंत.

मावशींच्या घरी पोरांनी येशूच्या जन्माचा गोठा बघितला होता. तसाच त्यांनी खुराड्याशेजारी मांडला. आंब्याची जुनी पेटी आडवी करून, आत भाताचा पेंढा, शाडूची तीन माणसं, एक गाय. गायीला शिंग एकच, कारण दुसरं करेपर्यंत शाडू वाळली. बाळ मावशी मध्यरात्रीच्या मिसेवरून आल्यावर ठेवणार होत्या, त्यांच्याकडचं एक जुनं, बोटभर. पंचवीसला सकाळी त्या ताट घेऊन आल्या. नेवऱ्या, दोदोल, घरचा केक. आम्ही दिवाळीला त्यांना करंज्या देतो, नाताळला त्या आम्हाला नेवऱ्या देतात, आणि सारणातला खसखशीचा फरक सोडला तर वस्तू एकच. आमची आईसुद्धा करंजीला नेवरीच म्हणते. ताट माझ्या हातात देऊन त्या मागे गेल्या आणि तिथूनच त्यांची हाक आली.

यंदाच्या दोन तलंगांपैकी बुटकी, करड्या रंगाची, पेटीत बसली होती. शाडूची माणसं बाहेर ढकललेली, गाय उताणी. तलंग पहिलं अंडं द्यायच्या आधी दोन-तीन दिवस जागा शोधत वेड्यासारखी फिरते, हे मला दिसायला हवं होतं. आम्ही चौघं तिथे उभे राहिलो. ती आमच्याकडे न बघता पेंढ्याची एकेक काडी उचलून स्वतःच्या पाठीवर टाकत होती. वीसेक मिनिटांनी अर्धवट उभी राहिली, शेपूट खाली दाबलं, आणि अंडं पडलं. पहिलं असतं तसं, छोटं, फिकट तपकिरी, ओलं. त्या ओल्यावर हवा लागली की क्षणात ते कोरडं होतं, तेवढा क्षण आम्हाला दिसला. टोकाला रक्ताची एक बारीक रेघ होती.

मावशींनी पदराच्या टोकात गुंडाळलेलं ते बोटभर बाळ बाहेर काढलं, पेटीकडे बघितलं, आणि पुन्हा पदरात ठेवलं. "बसांदे तिका," म्हणाल्या. "संध्याकाळी ठेवतंय."

इथपर्यंत लिहून थांबले असते तर गोड झालं असतं. पण डिसेंबर हा कोंबड्यांसाठी गोड महिना नाही. मार्गशीर्षातले गुरुवार असतात तोवर घरोघरी हात आवरलेला असतो. यंदा शेवटचा गुरुवार नाताळच्या दुसऱ्याच दिवशी होता. तो झाला की सगळ्यांचे डोळे एकतीस तारखेवर. गावठी कोंबड्याचा भाव या आठवड्यात चढतो. गाड्या थांबवून लोक विचारतात, "कोंबडा आहे का द्यायला?" माझा भाऊ आल्यापासून रोज सकाळी ब्रश करत जाळीपाशी उभा राही आणि हनुवटीने एकेकाकडे खूण करून मला विचारी, "हा?" मी एकतीसला काही देणार नव्हते. पण त्याच्या आधीचा एक ठरलेला होता.

भात घरात आलं की आमच्याकडे राखण देतात. बागेच्या कोपऱ्यात, जांभळाच्या बुंध्याशी, राखणदाराची जागा आहे. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि कोंबडा. हाकेच्या अंतरावर आरवलीचा वेतोबा, लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गस्त घालतो आणि त्या झिजतात. त्याच्या हाताखालचे हे छोटे राखणदार, एकेका बागेपुरते, असं मी लहानपणी समजत असे. खुराड्यातल्या कोंबड्या कांडेचोर म्हणजे उदमांजरापासून, मुंगसापासून वर्षभर वाचल्या त्यात धोंड्याचा वाटा किती आणि त्याचा किती, हे आईला विचारायची सोय नाही. एकोणतीस तारखेचा रविवार ठरला. शुक्रवारी तिने काळ्या शेपटीच्या कोंबड्याच्या पायात लाल धागा बांधला.

भाचीने तो लगेच बघितला. "आजीनेपण सजवला!"

आई गप्प. मी गप्प. वहिनी आत निघून गेली. मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही याला माझ्याकडे धड उत्तर नाही. तिच्या आनंदावर पाणी पडेल म्हणून म्हणावं, तर तो आनंद माझाही होता.

रविवारी सकाळी भाऊ डालगं घेऊन मागे गेला आणि तिथूनच त्याने मला हाक मारली. तिन्ही कोंबड्यांच्या पायांत लाल धागे होते. म्हाताऱ्याच्या, काळ्या शेपटीच्याच्या आणि त्या घशात सुपारीवाल्याच्या. सारखे, दोन पदरी, आईच्याच रिळातले. गाठ तेवढी वेगळी, फुलपाखरासारखी, बुटाच्या लेसची बांधतात तशी. भाची पडवीच्या पायरीवर दात घासत बसली होती. तिला माहीत होतं की नव्हतं, मला अजून सांगता येत नाही. तिने आमच्याकडे बघितलं नाही.

आई आली. वाकली, जाळीत हात घातला आणि पायाकडे न बघताच काळ्या शेपटीच्याला उचललं. अंड्यातून बाहेर पडला तेव्हापासून तिने त्याला भात घातलेला. "धागो तुमच्यासाठी होतो," ती भावाला म्हणाली. "माका कित्याक व्हयो?"

भावाने गाऱ्हाणं घातलं. चारचाकीचं, पोरांच्या शाळेचं, आंब्याच्या मोहोराचं, सगळं त्यात आलं. आम्ही मागून "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. भाचीही म्हणत होती, तोंडाची टूथपेस्ट पुसायची राहिली होती. दुपारी वडे-सागोती झाली. भाच्याने तीनदा घेतली. तिने वडे खाल्ले, कालच्या काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर. तिला कुणी आग्रह केला नाही, काही विचारलंही नाही. वहिनीने उसळ गरम करून वाढली तेवढंच.

संध्याकाळी नेहमीसारखी ती माझ्याबरोबर मोजायला आली. बोट फिरवत मोजलं, दहा. फळी तिने सरकवली. धोंडा तिला उचलत नाही, तो तिने लोटत लोटत आणून टेकवला. तोरणांच्या काथ्याला एकही फूल उरलं नव्हतं.

रात्री ती माझ्याजवळ झोपली. पहाटे साडेपाचच्या सुमाराला म्हातारा आरवला. माझी झोप उघडी होतीच. बाजूला तिचीही, हे तिच्या श्वासावरून कळलं. मग जरा वेळ काहीच नाही. मग तो तिसरा आरवला, दुसऱ्याच्या जागी, मध्येच आवाज फाटला तसा थांबला, आणि पहिल्यापासून पुन्हा आरवला.

"आत्या," ती अंधारात म्हणाली, "आता दोनच ना?"

"हं."

तिने पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं.